बफर हलला, पॉइंटर तिथंच

साखर कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की आत खोलीत बसलेल्या माणसाला श्वास घ्यायला वेळ नसतो. मागं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर आलेली असते, टोळीचा मुकादम खिडकीत डोकं घालून उभा असतो. भरलेलं वजन, मग रिकामं वजन, त्यातून निव्वळ वजन, पावती, पुढची गाडी. त्या खोलीतल्या पीसीवर जे सॉफ्टवेअर चालतं ते आम्ही बघतो. बेळगावच्या उद्यमबागेत एका शेडमध्ये चार टेबलं, भिंतीपलीकडं दिवसभर लेथ चालू. सगळं काम सी भाषेत, लिनक्सवर. दिवाळीला पुण्याहून आलेली मित्रमंडळी विचारतात, "अजून सी?" होय की, अजून सी. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर येणारे बाइट वाचायचे, नोंद लिहायची, पावती छापायची, एवढ्यासाठी मला दुसरं काही लागत नाही. सीचा त्रास वेगळ्या जागी होतो, आणि आज त्याच जागेबद्दल, म्हणजे मेमरी हलल्यावर मागं राहिलेल्या जुन्या पत्त्यांबद्दल, लिहायचंय.

हंगाम सुरू झाल्यावर एका कारखान्याकडून फोन आला. पावतीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी दोन-चार चौकोन छापून येतायत आणि पुढं काहीच नाही. सगळ्यांचं नाही, एकाच शेतकऱ्याचं. तो सभासद यादीतला पहिला नंबर, म्हणजे गावातलं जुनं आणि वजनदार नाव, म्हणूनच तक्रार एवढ्या लवकर आमच्यापर्यंत पोचली. चाळिसाव्या नंबराच्या माणसाचं नाव गेलं असतं तर त्यानं हातानं लिहून घेतलं असतं आणि गाडी पुढं काढली असती.

काट्यावरच्या लोकांनी आधी प्रिंटरला दोष दिला, मग फाँटला. फाँटवर संशय येणं साहजिक होतं, कारण यंदाच पावत्या बदलल्या होत्या. आधी शेतकऱ्याचं नाव आणि गाव इंग्रजी अक्षरांत असायचं. यंदा कारखान्यानं कन्नडमध्ये यादी करून घेतली, आणि चंदगड-गडहिंग्लजकडून ऊस येतो त्या शेतकऱ्यांसाठी मराठीतही. केए २२, केए २३ च्या गाड्यांमध्ये एमएच ०९ च्या गाड्या मिसळलेल्या असतात, इथं त्याचं कुणाला काही वाटत नाही. पावती आपल्या लिपीत आली की माणूस ती घडी घालून खिशात ठेवतो, नाहीतर मुकादमाला वाचायला देतो. त्यामुळं बदल चांगलाच होता. फाँटही बरोबर होता.

बदलले होते ते आकडे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरी आणि कन्नड दोन्हीकडं प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. निपाणी इंग्रजीत सहा बाइट, देवनागरीत अठरा. अथणी सहाचे बारा. संकेश्वर दहाचे चोवीस. 'तिप्पट होतं' असं लोक सांगतात, पण आपण इंग्रजीत स्वर वेगळे लिहितो, त्यामुळं प्रत्यक्षात दुप्पट ते तिप्पट यांच्या मध्ये कुठंतरी पडतं. कारखान्याच्या यादीत ३,००० च्या आसपास शेतकरी. इंग्रजीत नाव आणि गाव मिळून सरासरी २० बाइट धरले तर ६०,००० बाइट. कोडमध्ये नावांच्या साठ्याला सुरुवातीला दिलेली जागा ६५,५३६ बाइट. म्हणजे इतकी वर्षं तो साठा एकदाही वाढला नव्हता. वाढवण्याचा कोड होता, पण त्या वाटेनं कधी कुणी गेलंच नव्हतं.

हा कोड आमच्याकडं वारशानं आला आहे, मूळ लिहिणारे गृहस्थ केव्हाच हे क्षेत्र सोडून गेले. कोड मालकाचा असल्यामुळं इथं चिकटवत नाही, बोलून सांगतो. सगळी नावं एका लांबलचक बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या सलग जागेत, एकामागून एक, प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाइट. प्रत्येक शेतकऱ्याच्या नोंदीत त्याच्या नावाचा पॉइंटर, म्हणजे ते मेमरीत कुठं आहे तो पत्ता:

नोंद.नाव = साठा.बफर + साठा.भरलेलं;

जागा संपली की रिअलॉक करून दुप्पट. रिअलॉक म्हणजे घेतलेली जागा लहान-मोठी करून देणारं सीचं फंक्शन, गरज पडली तर ते सगळं उचलून नव्या जागी नेतं. रिअलॉकनं दिलेला नवा पत्ता साठा.बफरमध्ये व्यवस्थित ठेवलेला. नल आला, म्हणजे जागा मिळाली नाही, तर तेही तपासलेलं. बफर वाढवणारं ते फंक्शन कुणी परीक्षेत लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. आमच्याकडं इंटर्नशिपला खानापूरकडची एक मुलगी येते, ती ते फंक्शन वाचून म्हणाली, "सर, रिअलॉकच्या ओळीत तर काहीच चूक नाही की."

नाहीच. मला या सगळ्या प्रकारात सांगायचं आहे ते हेच. रिअलॉकच्या ओळीकडं बघत बसलं की हा बग सापडत नाही. तिथं बफर हलला. चूक तिथं झाली जिथं, बऱ्याच आधी, कुणीतरी त्या बफरच्या पोटातला पत्ता उचलून दुसरीकडं जपून ठेवला. बसस्टँडवर गाडी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो. मग डेपोवाले म्हणतात, ही गाडी बिघडली, दुसरी लागणार. माणसं, सामान, सगळं नव्या गाडीत जातं, रुमाल जुन्याच गाडीत. वाईट म्हणजे जुनी गाडी लगेच हलवत नाहीत. ती तिथंच उभी असते, रुमालही सीटवर दिसत असतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं जागा धरलेली आहे. 'ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट' एवढं लक्षात ठेवलं असतं तर गाडी कुठलीही लागली असती तरी चाललं असतं.

आता पहिल्याच माणसाचं नाव का गेलं, ते बघण्यासारखं आहे. लिनक्सवरच्या जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीतला, मेमरी वाटणारा अ‍ॅलोकेटर मोठा ब्लॉक सोडून दिला की लगेच पुसत नाही. तो ब्लॉक 'मोकळा' यादीत लावतो, आणि त्या यादीचे पुढचा-मागचा हे दोन पत्ते त्याच ब्लॉकच्या सुरुवातीच्या १६ बाइटांत लिहून ठेवतो. ६४ बिटच्या मशिनवर पत्ता आठ बाइटांचा, पण त्यातले वरचे दोन शून्य असतात, आणि इंटेलसारख्या प्रोसेसरवर लहान बाइट आधी येतो. म्हणून ब्लॉकच्या सुरुवातीला सहा बाइट कचरा आणि मग शून्य. सीमध्ये शून्य म्हणजे स्ट्रिंग संपली. पावतीवर दोन-चार चौकोन आणि पुढं काही नाही, ते यामुळं. दुसऱ्या नंबरपासून सगळी नावं जुन्या, सोडून दिलेल्या जागेत जशीच्या तशी होती. फुकट गेलेल्या जमिनीवर उभी असलेली, पण दिसायला बरोबर.

आणि ती तशी राहत नाहीत. पुढं लहानसहान मॅलॉक, म्हणजे नव्या जागेच्या मागण्या, येतात तेव्हा अ‍ॅलोकेटर हा मोकळा ब्लॉक पुढच्या बाजूनं कापून देतो. म्हणजे कचरा यादीच्या वरून खाली सरकत जातो. काट्यावरच्या माणसानं फोनवर सांगितलंच होतं, "सकाळी एकाचं होतं, आता पाच-सहा जणांचं व्हायलंय." त्या एका वाक्यात सगळं निदान होतं. क्रमानं नासणारी मेमरी म्हणजे कुणीतरी सोडलेल्या ब्लॉकवर बसलंय, हे मी हल्ली गृहीतच धरतो.

कुणी म्हणेल, रिअलॉक दर वेळी हलवतच नाही. खरं आहे, आणि म्हणूनच हा बग इतका जगतो. १०० बाइट मागितले तर जीलिबसी ६४ बिटवर १०४ वापरता येतील एवढी जागा देतो, कारण तो १६ च्या पटीत ब्लॉक कापतो. १०० चे १०४ केले तर काहीच हलत नाही. शेजारचा ब्लॉक मोकळा असेल, किंवा आपण हीपच्या (मॅलॉक जिथून जागा देतो त्या भागाच्या) टोकाला असू, तरी जागेवरच वाढतो. तुमच्या छोट्या टेस्टमध्ये एकच बफर असतो, तो टोकालाच असतो, टेस्ट पास. खऱ्या प्रोग्राममध्ये त्याच्या मागं दुसऱ्या कुणाचा ब्लॉक येऊन बसतो आणि मग हलावंच लागतं. फार मोठ्या बफरांची गोष्ट आणखी वेगळी. साधारण १२८ केबीच्या वरची मागणी जीलिबसी मूळ सेटिंगप्रमाणे थेट कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) एममॅप या कॉलनं घेतो, आणि अशा ब्लॉकचं रिअलॉक एमरीमॅपनं करतो. तो हलला तर जुना पत्ता नकाशातूनच जातो आणि पुढच्या वाचनाला प्रोग्राम जागीच कोसळतो. तो तर उपकारच. अर्धवट नाव छापण्यापेक्षा कोसळलेलं बरं, निदान कुठं मेलं ते कळतं.

आणि जागेवरच वाढला तरी जुना पॉइंटर वापरायची मुभा नाही. सीच्या स्टँडर्डप्रमाणे रिअलॉक यशस्वी झाला की जुन्या वस्तूचं आयुष्य संपलं, जुन्या पॉइंटरची किंमत अनिश्चित झाली. दोन्ही पत्ते आकड्यानं सारखे असले तरी. हे पुस्तकी वाटतं, पण कंपायलर ते मनावर घेतात. जुना आणि नवा पॉइंटर सारखे आहेत असं तपासून, एकातून १ आणि दुसऱ्यातून २ लिहून, मग दोन्ही छापले तर क्लँग या कंपायलरनं '१ २' छापलेलं उदाहरण बरंच फिरलेलं आहे. एकाच पत्त्यावर एकाच वेळी दोन किंमती. कंपायलरच्या दृष्टीनं ते दोन वेगळे ब्लॉक, मग एकात लिहिलेलं दुसऱ्यात कसं दिसेल?

याच कारणासाठी एक लोकप्रिय दुरुस्ती मला पटत नाही. रिअलॉक झाल्यावर नव्या पत्त्यातून जुना वजा करायचा आणि जो फरक येईल तो सगळ्या जपलेल्या पॉइंटरांत मिळवायचा. चालतं, बहुतेक वेळा. पण दोन वेगळ्या ब्लॉकांच्या पॉइंटरांची वजाबाकी स्टँडर्डमध्ये बसत नाही, आणि मेलेल्या पॉइंटरवर हिशेब करणंही बसत नाही. करायचंच तर उलट्या क्रमानं करा: रिअलॉकच्या आधी, बफर जिवंत असताना, प्रत्येक पॉइंटरमधून बफरचा आरंभ वजा करून अंतर काढून ठेवा, आणि नंतर नव्या आरंभात ते अंतर मिळवा. लुआ भाषेच्या इंटरप्रिटरमध्ये हे छान बघायला मिळतं. ब्राझीलच्या रिओमध्ये १९९३ पासून वाढलेली ही भाषा शुद्ध सीमध्ये लिहिलेली आहे, आणि तिचा स्टॅक (चालू कॉलांच्या किमती ठेवायची रास) गरजेप्रमाणे रिअलॉक होतो. म्हणून आतल्या कोडमध्ये सेव्हस्टॅक आणि रिस्टोअरस्टॅक असे दोन मॅक्रो आहेत: स्टॅक वाढवू शकेल असं काही बोलावण्याआधी पॉइंटरचं अंतर करून ठेवायचं, परत आल्यावर अंतराचा पॉइंटर करायचा. ५.४ मालिकेतल्या पुढच्या आवृत्त्यांत तर स्टॅक हलवण्याआधी त्यात रोखलेले सगळेच पॉइंटर अंतरांत बदलले जातात.

आमच्या काट्यात मी आणखी सरळ केलं. नोंदीत पॉइंटर ठेवलाच नाही, अंतरच ठेवलं, ३२ बिटांचा बिनचिन्हाचा आकडा. नाव हवं असेल तेव्हा एक छोटं फंक्शन साठ्याच्या आरंभात ते अंतर मिळवून पत्ता देतं. तो पत्ता त्याच ओळीत वापरायचा, कुठं ठेवायचा नाही. यात बक्षिसासारख्या दोन गोष्टी मिळाल्या. पॉइंटर आठ बाइट, आकडा चार. आणि आकडा फाइलमध्ये जसाच्या तसा लिहिता येतो. रात्री वीज गेली आणि यूपीएसनंही मान टाकली, की सकाळी साठा आणि नोंदी दोन्ही फाइलींतून उचलायच्या, काही जुळवाजुळव नाही. पॉइंटर फाइलमध्ये लिहून काय मिळणार?

इंटर्न मुलीनं विचारलं, "मग सगळीकडंच पॉइंटरऐवजी इंडेक्स वापरायचा काय?" सगळीकडं नाही. बफर वाढू शकतो आणि पत्ता एखाद्या फंक्शन कॉलच्या पलीकडं जगणार आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तिथं. एका लूपमध्ये ओळ चाळताना पॉइंटर पुढं सरकवत जाणं हे सीचं सुख आहे, ते कशाला सोडायचं?

पण 'एखाद्या कॉलच्या पलीकडं' हे ओळखायचं कसं, इथं खरी कसोटी लागते. फंक्शनच्या नावातून कळलं पाहिजे ना. या कोडमध्ये 'गाव शोधा' नावाचं एक फंक्शन होतं. गाव यादीत सापडलं तर त्याचा क्रमांक परत. नाही सापडलं तर गुपचूप जोडायचं आणि नवा क्रमांक परत. शोधणाऱ्या फंक्शननं बफर हलवला असेल असं कुणाच्या मनात येईल? मी त्याचं नाव 'गाव शोधा किंवा जोडा' केलं. लांब झालं, बोलताना विचित्र वाटतं, पण वाचणाऱ्याचा हात तिथं थबकतो. रेडिस या डेटाबेसच्या स्ट्रिंग लायब्ररीत याहून चांगला मार्ग आहे. तिथं स्ट्रिंगला काही जोडणारं फंक्शन नवा पॉइंटर परत देतं, आणि वरच्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की कॉलनंतर दिलेली स्ट्रिंग वैध नाही, तिचे सगळे संदर्भ परत आलेल्या पॉइंटरनं बदला. लिनक्स कर्नलमध्येही नेटवर्क पॅकेटचं डोकं मोठं करणाऱ्या फंक्शनवर तशीच सूचना आहे: आतले सगळे पॉइंटर बदलू शकतात, परत वाचून घ्या. एवढ्या कसलेल्या लोकांनाही ती लिहून ठेवावी लागते.

पहिली दुरुस्ती झाल्यावर मी तोच डोळा ठेवून बाकीचा कोड चाळला, आणि याच जातीच्या दोन गोष्टी सापडल्या. त्या जास्त फसव्या आहेत, कारण तिथं कुणी पॉइंटर जपून ठेवलेलाच दिसत नाही.

पहिली:

यादी.नोंदी[क्र].गाव = गाव_शोधा(यादी, मजकूर);

कुठं आहे पॉइंटर? डाव्या बाजूला आहे, फक्त लिहिलेला नाही. 'यादी.नोंदी[क्र].गाव' कुठं लिहायचं तो पत्ता कंपायलरला काढावा लागतो. सीमध्ये बरोबरच्या चिन्हाची डावी बाजू आधी की उजवी, हे ठरवलेलं नाही. कंपायलरनं डावा पत्ता आधी काढून रजिस्टरमध्ये ठेवला, मग फंक्शन बोलावलं, आणि त्या फंक्शननं आत नोंदींची यादीच वाढवली (या कोडमध्ये गावाचीही एक नोंद त्याच यादीत जायची), तर उत्तर जुन्या ब्लॉकमध्ये लिहिलं जातं. नव्या यादीत गाव रिकामंच. ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की कंपायलर क्रम बदलू शकतो, म्हणजे डीबगरखाली बघायला गेलात की सगळं ठीक. सी प्लस प्लसमध्ये २०१७ च्या स्टँडर्डपासून उजवी बाजू आधी असं ठरलंय. सीमध्ये अजूनही नाही. उपाय एका ओळीचा: आधी उत्तर एका साध्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मग पुढच्या ओळीत ते ठेवा. ही ओळ बघून कुणी म्हणेल हा व्हेरिएबल फुकटचा आहे, म्हणून मी शेजारी कॉमेंट लिहिली, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी 'साफसफाई' करेल. बहुतेक मीच.

दुसरी गोष्ट खेपांची. तीच ट्रॅक्टर-ट्रॉली दिवसात दुसरी खेप घेऊन आली की शेतकरी, गाव, टोळी, गाडी सगळं तेच, फक्त वजन आणि वेळ नवी. मूळ लिहिणाऱ्यानं हुशारी केली: सकाळच्या खेपेची नोंद शोधायची आणि तिचाच पत्ता 'नोंद जोडा' या फंक्शनला द्यायचा. जोडणारं फंक्शन आधी जागा आहे का बघतं. नसेल तर रिअलॉक. मग दिलेल्या पत्त्यावरून मेमकॉपी. पण दिलेला पत्ता त्याच यादीच्या पोटातला, म्हणजे रिअलॉक झाला की कॉपी सोडून दिलेल्या जागेतून होणार. आणि हे घडणार फक्त तेव्हा, जेव्हा यादी नेमकी भरलेली आहे आणि त्याच क्षणी आलेली गाडी दुसऱ्या खेपेची आहे. कधीतरी, गर्दीच्या संध्याकाळी. कुणी सांगितलंच नसतं, एखाद्या पावतीवर चुकीच्या टोळीचं नाव आलं असतं आणि मुकादमांत भांडण लागलं असतं. तोडणीचे पैसे टोळीच्या नावावर निघतात, हे विसरून चालत नाही.

इथं उपाय दोन. जोडणाऱ्या फंक्शनला नोंद पत्त्यानं न देता किमतीनं द्या, म्हणजे कॉल होतानाच प्रत निघते. नोंद लहान असेल तर हेच करा, मी हेच केलं. मोठी असेल तर फंक्शनच्या आत वाढवण्याआधी बघा की आलेला पत्ता आपल्याच बफरमधला आहे का, आणि असेल तर अंतर काढून घ्या. दुसरा उपाय लिहायला मजा येते, पण दर वेळी तो आठवणीनं लिहील असा माणूस मी अजून बघितलेला नाही.

'आधीच भरपूर जागा घ्या' हा सल्लाही मिळतो. यादीच्या फाइलचा आकार माहीत आहे, तेवढी जागा एकदम घेतली तर वाढवायचा प्रश्नच नाही. बरोबर आहे, लोड करताना आम्ही तसंच करतो. पण ६५,५३६ हा आकडाही कुणीतरी 'भरपूर' म्हणूनच टाकला होता.

आता हत्यारांबद्दल. जीसीसी या कंपायलरमध्ये १२ व्या आवृत्तीपासून यूज-आफ्टर-फ्रीचा (सोडलेली जागा वापरल्याचा) इशारा आला आहे आणि तो 'वॉल' लावलं की आपोआप बऱ्यापैकी चालू होतो. एकाच फंक्शनमध्ये रिअलॉक करून खाली जुना पॉइंटर वापरला तर पकडतो. आमच्यासारखं रिअलॉक एका फाइलमध्ये, जपलेला पॉइंटर दुसऱ्या फाइलमध्ये असलं की त्याला काही दिसत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. खरं काम करतो तो अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. जीसीसी आणि क्लँग दोन्हीत आहे, एक फ्लॅग लावायचा. मला त्याची सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा रिअलॉक जागेवर वाढवतच नाही, दर वेळी नवी जागा घेतो, आणि जुनी जागा लगेच पुन्हा वापरायला न देता बाजूला अडकवून ठेवतो. म्हणजे नशिबावर चालणारं काही उरतच नाही. चूक झाली की तीन रांगा छापतो: कुठं वाचलं, कुठं सोडलं, मुळात कुठं घेतलं. त्यातली मधली रांग इंटर्नला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "हां, म्हणजे सोडलं रिअलॉकनं, पण दोष वरच्या रांगेत." प्रोग्राम साधारण दुपटीनं हळू चालतो, ते परवडतं. व्हॅलग्राइंड या दुसऱ्या हत्यारानंही हेच सापडतं आणि पुन्हा कंपाइल करावं लागत नाही, पण तो कितीतरी पटींनी हळू. सिरियल पोर्टवरून इंडिकेटर बोलत असताना व्हॅलग्राइंडखाली आमचा प्रोग्राम मागंच पडतो, म्हणून मी तो फक्त फाइल वाचणाऱ्या भागाला लावतो.

हत्यार नसलं तरी एक गोष्ट कुणालाही करता येते. बफर वाढवण्याचं काम एकाच फंक्शनमधून जाऊ द्या, आणि टेस्टच्या बिल्डमध्ये ते फंक्शन जाणूनबुजून दुष्ट करा. सुरुवातीची क्षमता ६५,५३६ नाही, १. दुप्पट नाही, एकेकानं वाढ. रिअलॉक वापरायचाच नाही: नवा मॅलॉक, मेमकॉपी, जुन्या जागेत ओळखू येईल असा एकच बाइट भरायचा, मग फ्री, म्हणजे जागा सोडून द्यायची. प्रोग्राम गोगलगायीसारखा चालतो, पण प्रत्येक जोडणीला बफर हलतो आणि जपलेला प्रत्येक पॉइंटर पहिल्याच मिनिटाला उघडा पडतो. ही टेस्ट आधीपासून असती तर कन्नड यादी यायच्या आधीच, इंग्रजी नावांवरच हे सगळं दिसलं असतं. बाइट कितीही असोत.

नल तपासण्याबद्दल फार सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. रिअलॉकचं उत्तर सरळ त्याच व्हेरिएबलमध्ये घेतलं आणि नल आला, तर जुना ब्लॉक जिवंत असतो पण त्याचा पत्ता आपण पुसलेला असतो. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या. आणि रिअलॉकला शून्य आकार देऊ नका. तो जुन्या काळी फ्रीसारखा वापरायचे, मग स्टँडर्डमध्ये त्याचा अर्थ धूसर होत गेला, आणि सी २३ मध्ये ते सरळ अनिर्धारित वर्तनच ठरलं.

एक प्रश्न उरला होता. हंगामाच्या मध्येच नवे शेतकरी येतात, शेजारच्या कारखान्यात रांग मोठी झाली की ऊस इकडं वळतो. त्याच वेळी छपाईचा थ्रेड (बाकी प्रोग्रामसोबत एकाच वेळी चालणारा भाग) एखादं नाव वाचत असतो. अंतर असलं तरी त्यानं आत्ताच काढलेला पत्ता त्याच क्षणी हलणाऱ्या बफरमधला असू शकतो. लॉक लावून एकाला थांबवता आलं असतं. मी साठाच बदलला: एक लांब बफर न ठेवता ६४ केबीचे वेगवेगळे ब्लॉक, एक भरला की दुसरा, आणि एकदा घेतलेला ब्लॉक हंगाम संपेपर्यंत हलवायचा नाही, सोडायचा नाही. नाव दोन ब्लॉकांत तोडायचं नाही, टोकाला थोडी जागा वाया गेली तर जाऊ दे. जोडताना लॉक अजूनही लागतं, पण वाचणाऱ्याच्या हातातलं नाव त्याच्या पायाखालून जात नाही. नोंदींमध्ये आता ब्लॉकचा क्रमांक आणि त्यातलं अंतर असं जोडीनं असतं.

हे करताना लोडच्या शेवटी एक ओळ सापडली, जास्तीची जागा परत देण्यासाठी बफर लहान करणारी. लहान करतानाही रिअलॉक हलवू शकतो, आणि त्या ओळीच्या खाली जुना पत्ता वापरणारं काही आहे का हे शोधत बसण्यापेक्षा मी ओळच काढून टाकली. वाचत होते काही केबी, आणि त्या पीसीत ४ जीबी रॅम आहे.